तापलेला डोंगर आणि चिंगी टिटवी

डोंगर इतकी वर्षं झोपलेला होता, की तो कधी जागा होता हेच सगळे विसरले होते. त्या काळी एका सकाळी चिंगी टिटवी किडे टिपून डोंगरावरच्या आपल्या घरट्यात परतली, तर तिची चारही अंडी नुकती उबवल्यासारखी गरम! ऊन तर अजून पडलंही नव्हतं.

"डोंगर तापतोय हो!" ती ओरडली. पण चिंगी पान पडलं तरी ओरडायची, त्यामुळे कुणी मानसुद्धा वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी नासक्या अंड्यांचा वास सुटला. हुप्प्या वानर नाक धरूनच आला.

"चिंगे, तुझी अंडी नासलीत आणि नावं डोंगराला ठेवतेस?"

"वास त्या भेगेतून येतोय, भाऊजी. बघा, दगडही थरथरतायत. मला अंडी उचलता येत नाहीत हो, तेवढी खाली नेऊन द्या ना!"

"इथे कंद आपोआप भाजून मिळतायत आणि ही बया रडतेय!" असं म्हणत हुप्प्या ऐटीत आपल्या लाडक्या कातळावर बसला, आणि किंचाळत हातभर उडाला.

भेगेतून धूर निघाला. चिंगी जिवाच्या आकांताने पुन्हा ओरडली.

हुप्प्या बूड चोळत धावत आला. "किती आहेत गं? दोन हातांत मावतील ना?"