साहेबांच्या वेळची लाल गाडी

कोल्हापूरच्या अलीकडे एका गावात यल्लू नावाचा एक भोळा मिस्त्री होता. सांगितलेलं सगळं करायचा. तेवढीच त्याची खोड.

त्याचे उस्ताद बापूलाल. त्यांच्याकडे एक जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार आली. तिचे मालक सरनोबतसाहेब गेल्या वर्षी वारले. एकोणीस वर्षं ते बायकोला, प्रमिलाबाईंना, म्हणत, "येत्या रविवारी पन्हाळा." पण पेट्रोलच्या नळीचे जोड तडकलेले. गाडी बंगल्याच्या फाटकाशीच बंद पडे. आता प्रमिलाबाईंना एकदा तरी तिच्यातून पन्हाळा गाठायचा होता.

उस्ताद म्हणाले, "तडकलेले जोड काढून टाक."

यल्लूने काढले. ओढ्यात टाकले.

"अरे, नमुना नको दुकानात दाखवायला? जुनं जपून ठेवायचं!"

"बरं, उस्ताद." यल्लूने ओढ्यात उतरून जोड शोधून आणले.

मग टाकी धुतली. तळाचा जुना गाळ यल्लूने जपून ठेवला. उस्तादांच्या चहाच्या किटलीत.

"गाढवा, वास मारतंय ते फेकून द्यायचं!"

"बरं, उस्ताद."

दुपारी उस्तादांनी डबा उघडला. सुकट नव्हती. दारातलं कुत्रं मात्र मिशा चाटत होतं.

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी मालकाला विचार! तो म्हणेल तसंच कर!"

"बरं, उस्ताद."

शनिवारी नवे पितळी जोड बसले. उस्तादांनी गावाला तीन फेऱ्या मारल्या. थेंब गळला नाही. यल्लू गाडी बंगल्यावर पोचवायला गेला.

"बाई, गाडी कशी पाहिजे?"

प्रमिलाबाईंनी बॉनेटवरून हात फिरवला. "ह्यांच्या वेळी होती तश्शीच राहू दे, बाबा."

यल्लूने खिसा चाचपला. तडकलेले जोड जपून ठेवलेले होतेच.

रविवारी उस्ताद गाडी चालवायला बसले. शेजारी बाई, हातात साहेबांची टोपी. यल्लू फाटक धरून उभा. गाडी निघाली. फाटकाशी खोकली. थांबली. खाली पेट्रोलचा ओघळ.

उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि कपाळ बडवलं. "यल्ल्या! नवे जोड कुठायत?"

"पेट्रोलचा वास मारत होते, उस्ताद. ओढ्यात फेकले." मग तो बाईंकडे वळला. "जमलं ना, बाई? साहेबांच्या वेळेसारखं?"

प्रमिलाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. टोपी मांडीवर नीट ठेवली.

"अगदी तस्संच," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी पन्हाळा."