म्हातारा अल्टरनेटर ओरडला

रस्ते अरुंद होते आणि प्रवासाला घाई नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या इंदूताई आणि त्यांचे यजमान एका जुन्या बसमध्येच संसार करत. त्या घरगाडीच्या इंजिनापाशी एक म्हातारा अल्टरनेटर होता. तो फिरून वीज करी आणि बॅटरीला पाजी.

हल्ली त्याचे वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते, बेअरिंग खडखडत होतं. पण खोललं तर काढूनच टाकतील, या धास्तीने तो आवाज दाबून फिरे. दिवे मंदावले की इंदूताई दोष देत बॅटरीला. एक बॅटरी अशीच भंगारात गेली होती.

आता नवीही दमली. "उद्या हिलाही भंगारात देऊ," इंदूताई म्हणाल्या.

"आजोबा, मी उपाशी आहे हो! माझं काय चुकलं?" बॅटरी रडवेली झाली.

अल्टरनेटरला ते ऐकवेना. "तुझं काही चुकलं नाही, पोरी. आता माझा गळा ऐक!"

घाट लागताच त्याने दाबलेला आवाज मोकळा सोडला. खर्रर्र! गाडी थांबली. इंदूताईंनी झाकण उघडून कान लावला. "अगंबाई, दुखणं इथे आहे होय!"

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी त्याला खोललं. आता काढूनच टाकणार, असं अल्टरनेटरला वाटलं.

"सांगाडा ठणठणीत आहे, ताई. कार्बन आणि बेअरिंग तेवढं बदलतो."

संध्याकाळी बाहुल्यांवर लख्ख उजेड पडला. "पोट भरलं का गं?" अल्टरनेटरने विचारलं.

"भरलं. पण आजोबा, तुम्ही आधीच ओरडला असतात, तर भंगारात गेलेली माझी थोरली बहीण वाचली असती."

अल्टरनेटर वरमला. मग म्हणाला, "यापुढे पहिल्याच खडखडीला ओरडेन."