सारजाक्काचा भंडारा

भाविकहो, केदारबुवा महाराजांचा मुक्काम तेव्हा कृष्णाकाठच्या आसदवाडीत, खंडोबाच्या देवळाच्या ओवरीत होता. आसदवाडी हळदीचे गाव. माघ-फाल्गुनात शेतोशेती चुलाणांवर काहिली, म्हणजे मोठाल्या कढया, चढत, नुकतीच खणलेली हळद त्यांत शिजे, मग खळ्यावर वाळत पडे. तिचा उग्र वास थेट ओवरीपर्यंत येई. महाराज हसून म्हणत, "इथं उदबत्ती लावायचं कारण नाही."

त्याच गावात सारजाक्का राहत असे. गावच्या दौलतराव पाटलांच्या पेवात तिच्या नवऱ्याचा जीव गेला होता. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची हळदीची कोठी. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पेवात विषारी वाफ साठते. तोंड उघडल्यावर ती निघून जायला बराच वेळ द्यावा लागतो. त्या दिवशी पाटलांना घाई होती. नवरा उतरला आणि जिवंत वर आला नाही. पुढे सारजाक्काने एकटीने आपला जमिनीचा तुकडा कसला. रोज सकाळी ती महाराजांना भाकरी आणि वाटीभर आमटी आणून देई.

त्या वर्षी चैत्राच्या जत्रेला देवावर उधळायचा भंडारा आपल्या शेतातल्या हळदीचा असावा, असे तिच्या मनाने घेतले. तिने स्वतः हळद जात्यावर दळली, वस्त्रगाळ केली आणि जत्रेच्या आदल्या सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती देवळात आली. पायरीवर दौलतराव पाटील आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाई उभे होते. अंबिकाबाईंनी तिला पाहताच पदर आवरून घेतला.

पाटील हसले. "सारजे, कपाळ पांढरं आणि हात पिवळे? विधवेच्या हातचा भंडारा देवावर उधळला तर गावाची अब्रू राहील काय? घेऊन जा ती टोपली."

जमलेले लोकही हसले. सारजाक्काने टोपली खाली ठेवली, पण ती वळली नाही.

"पाटील, तुमच्या आमटीत हळद जाती, लोणच्यात जाती, बाळंतिणीच्या दुधात जाती, पोराच्या जखमेवर जाती. ती कुणी खणली? तुमच्या खळ्यावर निम्म्या बाया माझ्यासारख्या पांढऱ्या कपाळाच्या हाईत. आमचा हात तुमच्या पोटाला चालतो आन्‌ देवाच्या अंगाला चालत न्हाई? मग तसं देवानंच मला सांगू दे. मी हितं बसते."

आणि ती खरोखरच पायरीवर बसली. कुणी ओरडले, कुणी उठवू पाहिले. ती हलली नाही.

गलबला ऐकून महाराज ओवरीतून आले. त्यांनी टोपलीतली मूठभर हळद घेतली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या कपाळाला फासली. मग महाराज म्हणाले, "दौलतराव, दालचिनी झाडाची साल, लवंग न उमललेली कळी, मिरी वेलाचं फळ, धणे-जिरे रोपाचं बी. आणि हळद तर मातीत गाडलेला कंद. देवानं चव ठेवताना वरचं-खालचं पाहिलं नाही. तुम्ही कशाला पाहता?"

पाटलांचा चेहरा उतरला, पण मान वाकली नाही. "महाराज, तुम्ही विरक्त, तुम्हाला काहीही चालतं. गाव मला सांभाळायचं आहे. भंडारा माझ्याच पेवातल्या हळदीचा होईल, आणि पेव आत्ता उघडेल."

सगळे पेवावर गेले; टोपली पायरीवरच ठेवून सारजाक्काही मागोमाग गेली. वरची माती उकरून झाकण काढले. गडी म्हणाले, "मालक, आज वाफ जाऊ द्या. उद्या उतरू."

"उद्या पालखी आहे. दळायची कधी? एक मेला म्हणून सगळे मरतात काय?"

हे शब्द मागे उभ्या असलेल्या सारजाक्काने ऐकले. 

गडी उतरेनात, तेव्हा पाटील स्वतःच दोर धरून उतरले. थोड्याच वेळात दोर सैल पडला. हाका मारल्या, उत्तर नाही. कंदील खाली सोडला, तो तोंडाशीच विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. अंबिकाबाई मातीत बसल्या आणि एकेका गड्यापुढे पदर पसरू लागल्या. प्रत्येकाने मान खाली घातली.

सारजाक्का पुढे आली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि दुसरा दोर कमरेला बांधला.

एक म्हातारा म्हणाला, "अगं, ज्यानं तुझा धनी खाल्ला, त्याच्यासाठी मरतीस व्हय?"

"त्याच्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "हिचं कपाळ माझ्यासारखं होऊ नये म्हणून. आन्‌ ह्या पेवानं माझं एक माणूस घेतलं. दुसरं मी घेऊ देत न्हाई."

महाराज पेवाच्या काठाशी आसन घालून बसले. म्हणाले, "उतर, पोरी. तुझा श्वास मी सांभाळतो." आणि त्यांनी डोळे मिटले.

ती उतरली. वर लोक पाहत होते. महाराजांची छाती हलत नव्हती, चेहरा काळवंडत चालला होता. खाली सारजाक्काला मात्र नदीवरच्या पहाटवाऱ्यासारखी गार झुळूक लागत होती. अंधारात चाचपत तिने पाटलांना गाठले, त्यांच्या काखेत दोर बांधला आणि हिसका दिला. आधी पाटलांना ओढले, मग तिला. तिचा पाय वरच्या जमिनीला लागला तेव्हा महाराजांनी मोठा श्वास घेतला आणि ते खोकू लागले. पाहतात तो महाराजांच्या ओठांवर, दाढीत, नाकपुड्यांत पेवातली पिवळी धूळ! महाराज जागचे हललेही नव्हते. भक्ताच्या वाट्याचे विष ते वर बसून पीत होते.

पाटील शुद्धीवर आले तेव्हा ऊन कलले होते. अंबिकाबाईंनी सारे सांगितले. ते धडपडत उठले आणि महाराजांच्या पायांवर पडायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी तर बसून होतो. उतरली ती."

पाटील सारजाक्काकडे वळले. "आक्का, माझं चुकलं. तुझ्या धन्याच्या वेळीही माझंच चुकलं होतं."

"हे ऐकायला तो हवा होता," सारजाक्का म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "माझी टोपली पायरीवर हाय. ती उचला."

पाटलांनी देवळात येऊन फेटा काढला, टोपली डोक्यावर घेतली आणि साऱ्या गावादेखत गाभाऱ्यापर्यंत नेली. मग ते सारजाक्कासमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी कपाळ पुढे केले.

सारजाक्काने लगेच हात उचलला नाही. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग तिने चिमूटभर हळद घेतली आणि त्यांच्या कपाळी लावली.

अंबिकाबाई पुढे आल्या, पतीशेजारी वाकल्या आणि त्यांनीही आपले कपाळ सारजाक्कापुढे केले.