चकल्यांचा डबा आणि दाराची कडी

एकदा एक तरुण आई एका वृद्ध गुरुजींकडे शिकत असे. सातवीत सुटलेली शाळा तिला दहावीपर्यंत न्यायची होती. ती त्यांच्याच घरी, खालच्या खोलीत भाड्याने राही. गुरुजींच्या इंटरनेटवर तिचे धडे चालत, आणि लेकीसाठी एका ॲपवरून फुकटचे सिनेमेही उतरत.

एके दिवशी इंटरनेट कंपनीची ताकीद गुरुजींच्या नावे आली. ‘तुमच्या कनेक्शनवरून दुसऱ्याच्या मालकीचे सिनेमे वाटले जात आहेत. पुन्हा असे घडल्यास कनेक्शन बंद होईल.’

गुरुजींनी ती तिला वाचून दाखवली. “देवाशप्पथ गुरुजी, मी कुणाला काही वाटलं नाही! पोरीपुरतं घेतलं. नेट गेलं तर माझी परीक्षा बुडाली हो.”

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, “चौकात अनसूयाबाई चकल्या विकायला बसतात. लेकीसाठी डबाभर घेऊन ये. मात्र येताना जो हात पुढे करील त्याला चकली द्यायची, आणि आपलं घर कुठलं तेही सांगायचं.”

हे काय भलतंच, असे मनाशी म्हणत ती गेली. डबा घेऊन वळते तोच पारावरचा एक टवाळ ओरडला, “काय वहिनी, आम्हाला नाही का?” तिने डबा पदराखाली घेतला आणि जवळजवळ पळतच घर गाठले.

“नाही जमलं गुरुजी. घरात लहान पोर, मी एकटी. वाटेल त्याला दार दाखवू? आणि ती बाई विकायला बसलेली असताना तिच्यासमोर फुकट वाटत सुटू? मग तिच्याकडे कोण फिरकेल?”

“बाळ, तुझं ते ॲप हेच करत होतं,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “एका हाताने सिनेमाचा तुकडा घ्यायचा, दुसऱ्या हाताने मागेल त्याला द्यायचा. आणि मागणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कनेक्शनचा नंबर दिसतो. त्या गर्दीत सिनेमाचा मालकही उभा होता. नंबर माझा, म्हणून ताकीद मला.”

तिची मान खाली गेली. “मग आता?”

“ते ॲप काढून टाक. कंपनीला मी कळवतो. आणि तो डबा इकडे कर. दात नाहीत, पण वास तरी घेऊ दे.”

संध्याकाळी लेकीने विचारले, “आई, आज सिनेमा नाही?”

“नाही गं. चकली खा. आणि दाराला कडी घाल.”

“का? कोण येणारे?”

“आता कुणी नाही,” असे म्हणून तिने भूमितीचे पुस्तक उघडले.