उल्काच्या इंजिनाची तहान

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात उल्का मगदूम नावाची एक बाई गाड्यांची इंजिनं बांधायची. दर हिवाळ्यात त्या घाटात मोटारींची शर्यत भरे. रस्ता बंद करत. एकेक गाडी खालून सुटे आणि जी सर्वांत कमी वेळात माथा गाठी, ती जिंके.

त्या वर्षी उल्काने धाकटा भाऊ दौलत याच्यासाठी इंजिन बांधलं. त्या इंजिनाला टर्बो नव्हता. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. हे इंजिन मात्र स्वतःच्या दमाने ओढेल तेवढीच हवा घेणारं होतं. म्हणून उल्काने हवेच्या वाटा घासून मोकळ्या केल्या, इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, बदलला. इंजिन पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने फिरू लागलं. त्याचा आवाज ऐकून दौलत नुसता हसत उभा राहिला.

पण सरावाच्या दिवशी माथ्याजवळ गाडी अडखळली. उल्काने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला. तो पांढराफटक पडला होता. आत हवा भरपूर जात होती आणि पेट्रोल कमी पडत होतं. असं इंजिन भलतंच तापतं, कधी पिस्टनला भोक पडतं. तसं वळणावर झालं असतं, तर रस्त्याच्या पलीकडे दरी होती.

उल्का इलाहीभाई बागवानांकडे गेली. त्यांची गाडी साऱ्या जिल्ह्यात वेगासाठी नावाजलेली होती. सगळं ऐकून इलाहीभाई म्हणाले, "पोरी, विचार कसला करतेस? मोठा पंप टाक, मोठे इंजेक्टर टाक. पेट्रोल जास्त झालं तर कमी करता येतं. माझ्या गाडीत मी हेच केलंय."

सल्ला मनापासूनचा होता आणि देणारा माणूस जाणता होता. टाकीतून पेट्रोल ओढणारा मोठा पंप आणि ते इंजिनात फवारणारे मोठे इंजेक्टर, उल्काने दोन्ही बसवलं.

आता गाडी उभ्या जागी गुरगुरू लागली. मागून काळा धूर निघे, पेट्रोलचा वास डोक्यात जाई. बाळाला चमच्याऐवजी डावाने दूध पाजावं, तशी त्या मोठ्या इंजेक्टरांची गत होती. थोडंसं द्यायचं म्हटलं तरी जास्तच पडे. एवढं करून माथ्याजवळ गाडी पुन्हा अडखळलीच. उल्का बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिली. तिला राग आला नाही, नवल वाटलं. खाली पेट्रोलने भिजलेलं इंजिन वर जाऊन तहानेलं कसं होतं?

शर्यतीचा दिवस उजाडला तेव्हा तिच्याकडे याचं उत्तर नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटली होती. दौलत हेल्मेट चढवून तयार होता.

उल्का म्हणाली, "गाडी बाजूला घे. आपण पळवायची नाही."

"आक्का, सगळं गाव आलंय! चालतीय की गाडी. जरा अडखळती, एवढंच."

"का अडखळती ते मला माहीत नाही. जे मलाच माहीत नाही, त्याच्या भरवशावर तुला घाटात सोडणार नाही."

लाउडस्पीकरवरून पुकारलं गेलं, 'मगदूम यांची गाडी माघार घेत आहे.' कुणीतरी मोठ्याने हसलं. "बाईनं बांधलेलं इंजिन!" असंही कुणी म्हणालं. उल्काला ते लागलं. पण ती स्वतः गाडी ढकलत बाजूला घेऊन गेली. दौलत रुसून एकटाच घरी गेला.

शर्यतीनंतर आणखी एक दिवस घाट इतर वाहनांना बंद आणि सरावाला मोकळा होता. उल्काने जुना पंप आणि जुने इंजेक्टर परत बसवले. पेट्रोलच्या नळीला दाब दाखवणारं मीटर जोडलं आणि ते काचेच्या बाहेर, दोघांना दिसेल असं घट्ट बांधलं. मग ती दौलतला म्हणाली, "रुसवा नंतर. आत्ता शेजारी बस आणि फक्त काट्याकडं बघ."

उल्का गाडी चालवू लागली. सरळ रस्त्यावर तिने इंजिन पुरतं ताणलं. काटा जागचा हलला नाही.

"म्हणजे पंप पुरतोय," ती पुटपुटली.

मग माथ्याजवळचं लांबलचक डावं वळण आलं. दौलत एकदम ओरडला, "आक्का, काटा पडला!" त्याच क्षणी गाडी अडखळली. वळण सुटलं आणि काटा वर आला. दौलतने बहिणीकडे पाहिलं. त्याचा रुसवा कुठल्या कुठे गेला होता. "परत जाऊया," तो म्हणाला. "परत बघूया."

घरी येऊन तिने एका पसरट पारदर्शक डब्यात पाणी घेतलं आणि डबा तिरपा केला. सगळं पाणी उजवीकडे धावलं, डावा कोपरा कोरडा पडला. गाडीच्या टाकीत पंपाचं तोंड नेमकं डाव्या कोपऱ्यात होतं. लांब डाव्या वळणावर टाकीतलं पेट्रोल असंच उजवीकडे धावे आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत होता. मोठा पंपही तिथे हवाच ओढणार होता.

इलाहीभाई मुद्दाम बघायला आले. उकिडवे बसून त्यांनी तो डबा स्वतःच्या हाताने चार वेळा तिरपा केला. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "माझी गाडी धावपट्टीवर सरळ पळते, वळण तिला ठाऊकच नाही. वर टर्बो हवा कोंबतोय, म्हणून ती पितेही तेवढं. मी तुला माझ्या गाडीचं औषध दिलं गं."

"औषध खरं होतं, इलाहीभाई," उल्का म्हणाली. "दुखणं कुठं आहे ते बघायच्या आधीच मी ते घेतलं, ही चूक माझी."

मग उपाय सोपा झाला. टाकीत पंपाच्या तोंडाभोवती तिने एक छोटी पेटी बसवली. पेटीच्या झडपांतून पेट्रोल आत येई, पण वळणावर बाहेर पळू शकत नसे. इंजिन किती हवा ओढतं आणि तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागतं, याचा हिशेब मांडून तिने इंजेक्टर जुन्यांहून थोडेसेच मोठे घेतले. पंप जुनाच ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात दौलतने ते डावं वळण ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता घेतलं. त्याचा दुसरा नंबर आला. पहिला का नाही आला, याचा विचार करायलाही त्याला सवड नव्हती. माथ्यावर उतरल्या उतरल्या तो इंजिन कसं ओढत होतं तेच सांगत सुटला.

सांगलीचा एक ड्रायव्हर उल्काजवळ आला. "ताई, पंप कुठला बसवलाय? नाव सांगा, उद्याच आणतो."

"सांगते की," उल्का म्हणाली. "पण तुमची गाडी अडखळती कुठं?"

तो गोंधळला. "ते काय बघितलं नाही."

"मग आधी बघून या. तोवर मी इथंच आहे."

तात्पर्य: दुसऱ्याला लागू पडलेला उपाय खोटा नसतो, पण तो आपलाही असेल असं नाही. आधी अडचण कुठे आहे ते शोधावं, मग उपाय निवडावा. आणि कारण कळेपर्यंत थांबायची लाज वाटू देऊ नये.