ठकूबाईनं पोरांना पडायला शिकवलं

फार वर्षांपूर्वी, काळखिंडीला धड वाट नव्हती पण तालीम होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची हाडवैदीण होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेंढरांचे मोडके पाय बसवता बसवता ती माणसांकडे वळली. पोरगं लांबून येताना नुसती चाल बघून ती सांगायची, हा गुडघा पुढचा श्रावण बघत नाही. आणि तसंच व्हायचं, असं म्हणतात.

पण ऐकतो कोण? मिसरूड फुटलं की पोराला थेट थोराशी भिडवायचं, ही तालमीची रीत. पडायला मात्र कुणी शिकवायचं नाही. आपणहून मातीत पडलं की मारुती रुसतो, असं दौलू वस्तादाचं म्हणणं. मग पोरं हात ताठ टेकून पडायची आणि जत्रेच्या संध्याकाळी ठकूबाईच्या अंगणात मोडकी पोरं घालून आणलेल्या बाजांची रांग लागायची.

एका जत्रेला अकरा बाजा आल्या. ठकूबाई या बाजेवरून त्या बाजेकडे नुसती फिरत राहिली. दहा पोरांचे हातपाय तिनं बसवून बांधले. अकरावा दौलूचाच पोरगा, सुभान. वय पंधरा, खांदा निखळलेला. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि तशीच थांबली.

"वस्ताद, वरीसभर पोरं माझ्या हाताखाली द्या. हो म्हणा, मग खांदा बसवते."

दौलू येरझाऱ्या घालू लागला. बाईमाणूस तालमीत आलं तर दहा गावं हसतील, म्हणाला. ठकूबाईनं हात काढला नाही आणि हलवलाही नाही. तिकडे ढोल वाजत होते, इकडे सुभानचे दात.

शेवटी सुभानच बोलला. "आबा, हो म्हणा की. खांदा तुमचा न्हाई, माझा हाय."

दौलूनं मान हलवली. खट् आवाज झाला आणि खांदा जागेवर बसला.

पोराला ताटकळत ठेवलं म्हणून तिला नावं ठेवणारे आजही आहेत. ठेवू देत. त्यांच्या दारात अकरा बाजा आल्या नव्हत्या.

मग वर्षभर तिनं कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. अंग तापल्याशिवाय मातीला पाय लावायचा नाही. ओढ्याच्या धारेत एका पायावर उभं राहायचं. जोड सारख्या वयाची आणि वजनाचीच. आठवड्यातून एक दिवस कुस्ती बंद, मग कुणी कितीही कुरकुरो. आणि रोज पडायचं. आधी पेंढ्यावर, मग नांगरटीत, मग आखाड्यात. हनुवटी छातीला, पाठ गोल. पुढं पुढं पोरं वेशीवरून उड्या टाकायची आणि खाली झोपलेलं कुत्रं कान हलवायचं नाही, असं म्हणतात.

पुढच्या जत्रेत परगावच्या एका दांडग्या पोरानं सुभानला डोक्यावर उचलून आपटलं. बायकांनी डोळे मिटले. दोन्ही खांदे मातीला टेकायच्या आत सुभान गोल फिरून उभा. परत आपटलं, परत उभा. कुणी एकवीस वेळा सांगतात, मी सात धरते. सातव्यांदा तो आपटणाराच धापा टाकत खाली बसला.

त्या संध्याकाळी अंगणात एकही बाज आली नाही. ठकूबाई तरी दारात येऊन येऊन बघत राहिली.

अजून आमच्या जत्रेत पहिली जोड लागायच्या आधी वस्ताद सगळ्या गावासमोर आपणहून मातीत पडतो. मागून पोरं पडतात. नवखे पाहुणे हसतात. गेल्या साली वस्ताद सत्तरीचा होता. उठवायला दोघं लागले, पण पडला तो स्वतः.