हौसाआत्याची रुसलेली कंबर

जिथे झेंडू पिकतो, तिथे सकाळसुद्धा पिवळी उजाडते. अशाच एका सोनपिवळ्या मळ्याच्या कडेला, इवल्याशा खोपटात रुंजी नावाची आठ वर्षांची मुलगी तिच्या हौसाआत्याजवळ राहायची. आई-बाप नसलेल्या रुंजीला आत्यानेच वाढवलं होतं. दुसऱ्याच्या मळ्यात फुलं खुडून दोघी पोट भरायच्या. पण आत्याची पन्नाशी उलटली आणि तिची कंबर दुखू लागली. वाकली की उठवेना, बसली की हलवेना. गणपतीला शिदूकाका शहरातून आला, तेव्हा बहीण भिंत धरून चालताना त्याने पाहिली.

"अक्का, अशानं पोरीचं कोण बघणार? दसऱ्याला येतो. तोवर तुझी कंबर धड झाली नाही, तर रुंजीला मी घेऊन जातो."

काका काही वाईट नव्हता. पण तो गेल्यावर आत्या चुलीपुढे बसून रडली, आणि रुंजीने आपली भाकरी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या पाटात काहीतरी चमचमताना रुंजीला दिसलं. पाण्यात एक करंगळीएवढी म्हातारी परी गटांगळ्या खात होती! शेंदरी पंख, पांढरीशुभ्र वेणी, नाकात दवाच्या थेंबाची चमकी.

"अगं, बघत काय बसलीस? बुडतेय ना मी!"

रुंजीने तिला अलगद उचललं, परकराने पुसलं, ओंजळीत धरून ऊन ऊन फुंकर घातली. आपल्या अर्ध्या भाकरीतला मऊ तुकडाही तिला भरवला. परीचे पंख सुकले आणि लखलखले.

"गुणाची गं माझी बाय! तीन इच्छा माग. पण नियम ऐक. मागशील ते तसंच्या तसं होईल. आणि दुखणं एका फुंकरीत घालवायला मला सांगायचं नाही. ते मला येत नाही."

रुंजी लगेच म्हणाली, "परीआजी, माझ्या आत्याला उठावंच लागू नये!"

"नीट विचार केलास?"

"केला."

केला कसला! मायेला विचार करायला वेळ असतो थोडाच!

झालं. घरात केरसुणी आपली आपण फिरू लागली. घागर टुणटुणत विहिरीवर जाऊन भरून येऊ लागली. भाकऱ्या तव्यावर टम्म फुगू लागल्या. आत्या बाजेवर राणीसारखी पडून राहिली. पहिले दोन दिवस मजेत गेले. आठव्या दिवशी तिला कूससुद्धा बदलता येईना.

"रुंजे, माझं लाकूड झालं गं," आत्या कळवळून म्हणाली.

रुंजी रडत मळ्यात धावली. "परीआजी, सगळं पहिल्यासारखं कर!"

केरसुणी कोपऱ्यात निजली, घागर गप्प बसली. दोन इच्छा संपल्या. उरली एक. रुंजी बांधावर बसून खूप वेळ विचार करत राहिली. या वेळी खराच विचार केला तिने.

"परीआजी, तुला जे येतं, ते मला शिकव."

परी इतकी हसली की तिच्या वेणीतून सोनेरी परागकण सांडले. "तीनशे वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं बघ! ऐक. वय उतरतीला लागलं की कंबर अशी रुसते कधीकधी. रुसलेल्याला निजवून ठेवायचं नसतं. हळूहळू बोलतं करायचं."

मग परीने शिकवलं तसं रोज सकाळी रुंजी फडक्यात वाळू बांधून ती गरम करायची. मनगटाला सोसेल इतकीच गरम. तिचा शेक झाला की आत्या उताणी निजून गुडघे पोटाशी घ्यायची. मग पाय टेकवून कंबर जराशी उचलायची. मग हात-गुडघे टेकून पाठ वर, पाठ खाली, अगदी आळस देणाऱ्या मांजरीसारखी.

"या वयात मांजर व्हायचं तेवढं राहिलं होतं!" आत्या कुरकुरायची. पण करायची.

मग दोघी चालायला जायच्या. पहिल्या दिवशी चिंचेपर्यंत, चार दिवसांनी विहिरीपर्यंत, नवरात्र बसलं तेव्हा पार ओढ्यापर्यंत. एखाद्या दिवशी जास्त दुखायचं. त्या दिवशी थोडंच करायचं, पण थोडं तरी करायचंच. वाकायचं तेही गुडघ्यातून, हे रुंजी आत्याला दहादा बजावायची.

दसऱ्याच्या सकाळी शिदूकाका आला. आत्या अंगणात मांडी घालून झेंडूचं तोरण ओवत होती. भावाला पाहताच ती उठली. कशालाही न धरता, सरळ!

काका बघतच राहिला. "अक्का, भिंत लागत नाही आता?"

"भिंत आहे की तिथंच. बस, पाणी आणते."

जेवण झालं, सोनं वाटून झालं. निघताना काकाने रुंजीच्या डोक्यावर हात ठेवला. "राहा गं बाई तुझ्या आत्याजवळ."

आत्या रुंजीला घेऊन त्याला थेट एसटीच्या थांब्यापर्यंत पोहोचवायला गेली. येताना रुंजीने हळूच विचारलं, "अजून दुखतं का गं?"

"दुखतं की थोडं. पण आता त्याची भीती नाही वाटत."

दोघी अंगणात शिरल्या, तोच दारावरच्या तोरणातल्या सगळ्यात मोठ्या फुलावर एक शेंदरी ठिणगी लुकलुकली. परीआजीने इवलासा हात हलवला, आणि सारं अंगण उजेडाने भरून गेलं. उजेड ओसरला तेव्हा फुलावर कुणीच नव्हतं.

काका येणार म्हणून रुंजीने बाजेखाली आपले कपडे बांधून ठेवले होते, आत्याला न सांगता. तिने ते गाठोडं ओढून काढलं, सोडलं, आणि एकेक परकर पुन्हा दांडीवर टाकला.